पाट्या पुसणारे परीक्षक

निकम सरांना रांगोळीच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून कुणी बोलावलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यानं बोलावलं असेल त्यानं नंतर कबूल केलं नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. सांगलीत आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे प्राध्यापकांची वसाहत होती. दिवाळीत तिथल्या बायका अंगणात रांगोळ्या काढत आणि कॉलेजमधले दोन-तीन प्राध्यापक त्यांना नंबर देत. परीक्षकांनी 'वा वा' म्हणत चक्कर मारायची, प्राचार्यांच्या बायकोला पहिला नंबर द्यायचा आणि चकलीवर ताव मारायचा, अशी पद्धत. त्या वर्षी निकम सर पहिल्याच अंगणात उकिडवे बसले आणि ठिपके मोजायला लागले.

सगळ्या अंगणांतले ठिपके त्यांनी मोजले. अंधार पडायला आला, तेव्हा त्यांनी पहिला नंबर ग्रंथपालांच्या बायकोला दिला. तिच्याकडचे रंग संपले होते म्हणून तिनं नुसती पांढरी रांगोळी काढली होती. प्राचार्यांच्या बायकोचा मोर खरोखर देखणा होता. तिनं हसत हसतच विचारलं, "निकम सर, आमच्या मोराचं काय चुकलं?"

"मोर चांगला हाय वहिनी. पण ठिपक्यांची रांगोळी म्हणून मांडलाय, आणि दोन ठिपके कुठल्याच रेघेत न्हाईत. ते बिचारे तसेच ऱ्हायले."

त्या दिवाळीत निकमांच्या घरी फराळाची ताटं आली नाहीत. त्यांच्या बायकोला, कमलवहिनींना, त्याचं फारसं वाटलं नाही. त्या मला म्हणाल्या, "आवं बाई, ह्ये माझ्या आमटीलाबी गुण द्येत्यात. काल धातले सात दिले. तीन कशाचे कापले म्हनून इचारलं, तर म्हनं पहिल्या घासाला आन् शेवटच्या घासाला चव येगळी हुती. आता तळाला मीठ बसलं तर मी काय करू?"

असा हा माणूस. उंच, सडपातळ, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि गळ्याचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. गाव सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला. त्या गावात घराघरातून फौजेत माणूस गेलेला. सरांचे वडील, दोन्ही थोरले भाऊ, चुलते, सगळे फौजेतले. सर भरतीला गेले आणि डोळ्यांमुळे परत आले. मग गणितात एम. एस्सी. झाले आणि आमच्याकडे लागले, पण चष्म्याच्या आड तो भरतीतून परत आलेला मुलगा कायम बसलेला असे. आपल्याला एकदा नापास केलं ते नियमानं केलं, तेव्हा आपणही कुणाला नियमाबाहेर पास करायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनाशी पक्कं झालेलं असावं. हा माझा तर्क. त्यांनी तोंडानं कधी सांगितलं नाही.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल, तेव्हा मी गणित विभागात नवी लागले. विभागात बाई म्हणून मी एकटीच, आणि सांगली गावभागातली, म्हणजे जिभेला धार. सरांच्या बोलण्याला मी पहिल्या आठवड्यात हसले होते. वर्गात ते पुस्तकी बोलत आणि फळा पुसून मागे वळले की कोरेगावात जात. पण त्यांचा एक तास मागे बसून ऐकला आणि हसणं थांबलं. विषय होता संगणकाला कामं कशी सांगायची हा. तेव्हा सगळे 'प्रोग्रामिंग' म्हणत, पण त्या यंत्राचं दर्शन आमच्या कॉलेजात फारसं कुणाला घडलेलं नव्हतं. अभ्यासक्रमात विषय आला होता, यंत्र आलं नव्हतं. मुलांनी छापील चौकटींच्या कागदावर एकेक ओळ लिहायची, आणि गाडी तिथंच थांबायची. यंत्र होतं पुण्याला, एका मोठ्या संस्थेत. तिथं पोचायला चिठ्ठ्या लागत, ओळखी लागत.

सरांनी यावर स्वतःचा इलाज काढला होता. साताऱ्याच्या शाळेच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी दगडी पाट्या आणल्या, लाकडी चौकटीच्या. यंत्राच्या पोटात आकडे ठेवायला खण असतात, तसा एकेका आकड्याला एक खण म्हणून एकेक पाटी. चौकटीवर रंगानं नाव घातलेलं: ही बेरजेची, ही सगळ्यात मोठ्या आकड्याची, ही मोजणीची. लांब टेबलावर पाट्या मांडायच्या, मुलाचा कागद डाव्या हाताला ठेवायचा आणि कागदावरची एकेक ओळ वाचत पाटीवर आकडे बदलत जायचं. शेवटी पाटीवर राहील ते उत्तर.

"मी आता निकम न्हाई," ते मुलांना सांगत. "मी मशीन. मशीनला अक्कल नसते. जे लिहिलंय तेवढंच करणार. मनाचं घालणार नाही. तुम्हीही मनाचं घालू नका."

हे 'मनाचं घालू नका' त्यांचं पालुपद होतं. शिपायानं चहात न सांगता आलं टाकलं तरी तेच, आणि शहाण्या विद्यार्थ्यानं सिद्धतेत एक पायरी गाळली तरी तेच. टवाळ मुलं त्यांना मागे 'मशीन मास्तर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडत असावं.

खऱ्या यंत्राबद्दल त्यांना लहान मुलासारखी उत्सुकता होती. पुण्याहून कुणी जाऊन आला की सर त्याला गाठत. "आवाज करतं का? सारखा करतं का थांबून थांबून? खोली थंड ठेवत्यात म्हणे, ते खरं हाय?" मी एकदा म्हटलं, "सर, एवढं आहे तर जाऊन बघून का येत नाही? दोन दिवसांचं तर काम." ते एकदम ताठ झाले. "उगं तोंड बघायला कशाला जायचं बाई? जत्रा हाय व्हय ती?" शिफारस मागायची त्यांना लाज वाटायची, एवढंच खरं होतं.

तर त्या वर्षी सातारा, कऱ्हाड आणि सांगलीच्या कॉलेजांनी मिळून प्रोग्रामिंगची स्पर्धा ठरवली. पुण्याच्या त्या संस्थेनं कबूल केलं, की जो पहिला येईल त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस आमच्या यंत्रावर काम करू देऊ. जागा एकच. आमच्याकडच्या पोरांना ही जागा म्हणजे काय होती, हे आज सांगून पटायचं नाही. पोहण्याची पुस्तकं वाचलेल्या मुलाला पहिल्यांदा नदी दाखवण्यासारखं होतं ते.

यंत्र नाही, मग तपासणार कोण? सगळ्यांनी एकमुखानं निकम सरांचं नाव घेतलं. रांगोळीची गोष्ट कऱ्हाडपर्यंत पोचलेली होती, आणि तीच त्यांची शिफारस ठरली.

गुण द्यायचे नियम सरांनी स्वतः लिहिले आणि महिनाभर आधी सगळ्या कॉलेजांना पाठवले. कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. गणित आधी सांगितलं जाईल, पण कुठले आकडे घालून तपासणार ते सांगितलं जाणार नाही. ते सरांनी पाकिटांत बंद करून ठेवलेले. एकेक पाकीट फोडायचं, त्यातले आकडे त्या कागदाप्रमाणे पाट्यांवर चालवायचे. उत्तर बरोबर तर त्या पाकिटाचे पूर्ण गुण, चूक तर शून्य. "थोडक्यात हुकलं" असलं काही नाही. आणि दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याच्या ओळी कमी तो वर. यंत्राचा वेळ महाग असतो, तेव्हा कमी बोलून काम करून घेणारा जास्त हुशार, असा त्यामागचा विचार. मला तो तेव्हा अगदी रास्त वाटला होता. सगळ्यांनाच वाटला होता.

गणित साधं होतं, सांगलीचंच. अडत्याकडे हळदीची पोती येताहेत. एकेका पोत्याचं वजन यंत्राला सांगितलं जाईल. सगळी पोती संपली की एकूण वजन किती आणि सगळ्यात जड पोतं किती वजनाचं, ते सांगायचं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सरांनी पोरांना टेबलाभोवती उभं करून पाट्या कशा चालतात ते दाखवलं. शेजारी बादलीत ओलं फडकं होतं. एक कागद चालवून झाला की सर ते फडकं पिळून सगळ्या पाट्या लख्ख पुसत. "एकाचं उष्टं दुसऱ्याच्या पानात नको," ते म्हणाले. पोरं हसली. मीही मनात म्हटलं, न्याय असावा तर असा. मागच्या मुलाचा एक आकडासुद्धा पुढच्याला लागू द्यायचा नाही.

तपासणी दोन दिवस चालली. मी शेजारी बसून पाकिटं फोडून देत होते. पुष्कळ पोरं एकाच पोत्याच्या पाकिटाला गळाली, काही एकही पोतं न आलेल्या पाकिटाला. शेवटी दोन कागद उरले. दोघांचीही सगळी उत्तरं बरोबर. मग ओळी मोजल्या. एका कागदावर दोन ओळी जास्त होत्या, त्याही अगदी सुरुवातीच्या. बेरजेच्या पाटीवर शून्य लिही. मोठ्या आकड्याच्या पाटीवर शून्य लिही.

सरांनी लाल पेन उचललं आणि त्या ओळींसमोर लिहिलं, 'अनावश्यक'.

मी म्हटलं, "सर, पुस्तकात तर ही ओळ असते."

"असते ना. पत्राच्या वर 'श्री' घालत्यात तशी. रीत म्हणून बरी हाय. पण न घातल्यानं मजकूर बदलत न्हाई. हितं पाटी कोरीच हाय. कोऱ्यात मिळवलं काय आन् शून्यात मिळवलं काय?"

मला ते पटलं. मी मान डोलावली आणि निकालाचा कागद पुढे केला.

नावं उघडली तेव्हा पहिला आला होता आमच्याच कॉलेजचा अविनाश शहा, सांगलीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, हसरा, सगळ्यांचा लाडका. दुसरा आला तासगावकडचा संपत माळी. तो साताऱ्याच्या कॉलेजात बी. एस्सी. करत होता. बक्षीस समारंभात पेढे वाटले. संपतनं आपला तपासलेला कागद घेतला, लाल शाईची जागा बघितली, आणि स्टेजवरून उतरून थेट पाट्यांच्या टेबलापाशी गेला. टेबलाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं.

"काय रं?" सरांनी विचारलं.

"काय न्हाई सर," म्हणून तो निघून गेला. सर मला म्हणाले, "पोरगं हिरमुसलं. व्हायचंच." मलाही तेवढंच वाटलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि अविनाश पुण्याची मिठाई घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत आला. सर चहा बशीत ओतत होते. अविनाश तिथं काय काय पाहिलं ते सांगायला लागला. यंत्र खोलीभर असतं, कार्डांना भोकं पाडून द्यावी लागतात, खोलीत थंडी वाजते. सर ऐकताना फुलून आले होते.

"पण सर, पहिल्याच दिवशी आपली फजिती! म्हटलं, स्पर्धेतलंच गणित आधी चालवू. तर एकूण वजन जे आलं ना, सांगली बाजारातली सगळी हळद घातली तरी तेवढं भरायचं नाही. तिथले ऑपरेटर पोट धरून हसले. म्हणाले, अरे, त्या खणात मागच्या माणसाचा आकडा पडलेला होता, त्यातच तू मिळवत गेलास. आधी शून्य नको का टाकायला?"

सर म्हणाले, "मागच्याचा आकडा तसाच ऱ्हातो?"

"हो ना. तिथं कोण पुसत बसतंय सर!"

अविनाश निष्पापपणे हसला. खोलीतले दोघे-तिघेही हसले. सरांची बशी टेबलावरच राहिली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, आणि मग तो रंग उतरला तो असा, की मला वाटलं त्यांना भोवळ येतेय. ते उठले आणि तासाला गेले. मुलं नंतर सांगत होती, की सर तासभर फळ्याकडे तोंड करून उदाहरणं सोडवत राहिले आणि वर्गाकडे वळलेच नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "बाई, मी पोरांना मनाचं घालू नका म्हणत आलो. आन् पयलं मनाचं मीच घातलं. शून्य. त्यानं लिहिलं न्हवतं, ते मी घातलं. आन् ज्यानं लिहिलं हुतं त्याला अनावश्यक म्हणालो." मग म्हणाले, "त्या दोन ओळींनीच त्याला दुसरा केला. बरोबर हुत्या म्हणून दुसरा झाला त्यो."

लाजेनं एवढा खाली गेलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता, आणि त्यांच्याकडे पाहायचीच मला लाज वाटायला लागली.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या खोलीत जे चाललं, त्याची लाज तर मला जास्तच वाटते. ज्या माणसानं सगळ्यांना ठिपक्याठिपक्याला धरलं, तो स्वतः सापडला, याचा लोकांना आनंद झाला होता. 'श्री'चं ते बोलणं सरांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. सर आत आले की कुणीतरी म्हणे, "श्री घातलं का?" कुणी चहाचा कप उपडा करून दाखवी, "कोरा आहे हो, शून्यच समजा!" सर जागेवर बसत, वही उघडत. पुढे ते मागच्या दारानं येऊ लागले.

त्यांनी प्राचार्यांना लेखी मागणी केली, की निकाल बदला आणि तासगावच्या मुलाला पुण्याची जागा मिळवून द्या. प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, "निकम, स्पर्धेचं यंत्र म्हणजे तुमचं टेबल. नियमात तसं लिहिलंय. टेबलावर उत्तर बरोबर आलं, विषय संपला. आणि जागा वापरून झाली, ती परत कशी देणार?"

"नियम मीच लिहिला सर."

"म्हणूनच म्हणतो, सोडा आता. बाहेर बोललात तर लोक म्हणतील, आपल्या पोराला पहिला आणायला केलं."

हे सरांच्या ध्यानात तोवर आलं नव्हतं. घरच्या पोराला पहिला आणला, असं कुणीही म्हणू शकत होतं. अविनाश बिचारा प्रशस्तिपत्र परत करायला आला. सरांनी त्याला परत पाठवलं. "तू मी सांगितलेल्या नियमानं लिहिलंस. तुझ्याकडं काय दोष न्हाई," म्हणाले.

एका रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. "बाई, तासगावला येता का? एकटा गेलो तर मधीच उतरीन."

एस. टी.त ते सबंध वाट खिडकीबाहेर बघत बसले. तासगावात उतरून आम्ही विचारत विचारत माळ्यांच्या मळ्यात पोचलो. द्राक्षबागेला औषध मारायचं चाललं होतं. संपतच्या पाठीला पंप होता आणि हात मोरचुदानं कोपरापर्यंत निळे झाले होते. त्याच्या वडलांनी, आबांनी, घोंगडं अंथरलं. आईनं ताक दिलं. प्राध्यापक घरी आले म्हटल्यावर माणसं गोंधळून गेली होती.

सर बोलायला लागले, आणि भलतंच बोलत राहिले. यंत्राच्या पोटात खण कसे असतात, त्यात जुने आकडे कसे राहतात, पाटी आणि खण यांच्यात फरक काय. संपत पंपाचा पट्टा हातात धरून उभा होता. आबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि घाबरत विचारलं, "सर, पोरगं नापास झालंया का?"

"न्हाई वो आबा. नापास मी झालोय." सरांनी ताकाचा तांब्या खाली ठेवला. "ह्याचं सगळं बरोबर हुतं. पयला ह्यो हुता. मी चुकीचे गुण दिले."

आबांनी पोराकडे बघितलं. संपत म्हणाला, "मला तवाच ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"तुमी पाट्या पुसत हुता त्ये सकाळीच बघितलं की मी. हितं शून्य लिवायची गरज न्हाई, आन् लिवलं तर वळी वाढत्यात, समदं कळत हुतं."

"मग गाळल्या का न्हाईस रं?"

"मशीनला लागतंय न्हवं." त्यानं पट्टा खाली टाकला. आवाज चढला होता. "स्पर्धा मशीनची हुती का पाट्यांची? दुसरा नंबर दिला त्येचं मला काय न्हाई, सर. पर तुमी लाल शाईनं 'अनावश्यक' लिवलं. साताऱ्यात पोरं मला त्याच नावानं हाक मारत्यात. अनावश्यक माळी!"

आई म्हणाली, "आरं, सरांशी असं बोलत्यात व्हय?" पण सरांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांची मान खाली होती.

"आता फुडं काय करनार?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई. बी. एस्सी. झालो की बँकेची परीक्षा देतो. ह्या कंप्युटरचं आता डोस्क्यातनं काढलंय. मशीन बघितल्याबिगर आपल्याला येतंय का न्हाई हेच कळत न्हाई, तर त्येच्या मागं किती पळायचं?"

परत येताना सर एकच वाक्य बोलले. "त्याला एकदा तरी मशीनपाशी न्यायला पाहिजे."

आणि ज्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी कुणाकडे चिठ्ठी मागितली नाही, तो दारोदार हिंडला. विलिंग्डन कॉलेजच्या भागातल्या कुणा निवृत्त इंजिनिअरकडे गेला, प्राचार्यांच्या मेव्हण्याकडे गेला, पोस्टात तासन्तास बसून पुण्याला ट्रंककॉल लावले. प्रत्येक ठिकाणी आपली चूक पहिल्यापासून सांगायची, समोरच्यानं हसायचं, आणि मग यानं विनंती करायची. एक-दोनदा मी बरोबर होते. समोरचा हसला की सर तो थांबेपर्यंत वाट बघत आणि परत मुद्द्यावर येत. अखेर पुण्याहून होकार आला, तो एका रविवारच्या सकाळचा. पंधरा दिवस नाहीत, एक सकाळ. तेवढंच.

मधल्या काळात त्यांनी राजीनामा दिला होता. कोरेगावच्या बाजूला एका हायस्कुलात जागा होती, ती त्यांनी घेतली. कमलवहिनी सामान घेऊन पुढे गेल्या. पुण्याचं काम झालं की सर तिथूनच परस्पर गावाला जाणार होते. "पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवीन. ती पाटीवर चालती," असं ते निरोप घेताना प्राध्यापकांच्या खोलीत म्हणाले. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

संपत यायला तयार नव्हता. आबांनी त्याला रागावून धाडलं. आदल्या दिवशी आम्ही तिघं पुण्याला पोचलो आणि माझ्या मावशीकडे उतरलो. वाटेत संपत माझ्याशी बोलत होता, सरांशी कामापुरतं. सरांनी त्याची तक्रार केली नाही.

सकाळी त्या संस्थेत एका भल्या ऑपरेटरनं आमचं स्वागत केलं. बाहेर लांब बोळ, त्याला एक बाक, आणि पुढे काचेचं दार. चपला बाहेर काढायच्या होत्या. त्यानं तिघांच्या नावांचे तीन पास आधीच करून ठेवले होते. संपतनं चपला काढल्या, मी काढल्या. सर तसेच उभे.

"चला सर," मी म्हटलं.

"तुमी जावा."

"अहो, तुमच्या नावाचा पास आहे."

"असू द्या. मी हितं थांबतो."

"इतकी वर्षं नुसतं विचारत आलात, आणि आता दारात येऊन..."

"बाई, जावा." ते अगदी हळू म्हणाले. "कुठल्या तोंडानं जाऊ?"

आत खरोखर थंडी होती. यंत्र खोलीभर होतं, थांबून थांबून आवाज करत होतं. ऑपरेटरनं संपतच्या ओळी कार्डांवर घेतल्या, त्या दोन ओळींसकट, आणि गठ्ठा आत घातला. थोड्या वेळानं खडखडत कागद बाहेर आला. एकूण वजन, सगळ्यात जड पोतं. बरोबर. ऑपरेटर म्हणाला, "छान लिहिलंयस रे. दुसरं काही आणलंयस का?" संपतनं खिशातून घडी घातलेले आणखी कागद काढले. डोक्यातनं काढलंय म्हणणाऱ्या पोराचे खिसे भरलेले होते.

मग त्यानं मागे वळून पाहिलं, सर आत आलेले नाहीत हे बघितलं आणि दार उघडून बाहेर गेला. दार त्यानं पायानं अडवून धरलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सर, आलं उत्तर."

"बरोबर?"

"व्हय."

"बरं झालं. लय बरं झालं."

"आत या की."

सरांनी उघड्या दाराकडे पाहिलं. आतला गार वारा त्यांच्या तोंडावर येत असणार. "थंड हाय रं," ते म्हणाले.

"आत तर लयच थंड हाय."

"मग गळ्याचं बटण लाव. आन् जा आत, तुझा येळ जातोय."

संपतनं बटण लावलं, तो आत आला, आणि दार मिटलं. ऑपरेटरनं दुसरा गठ्ठा घातला, यंत्र पुन्हा सुरू झालं. मला काचेतून बाहेरचा बोळ दिसत होता. बाक रिकामा होता. सर भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे, आणि त्या सबंध सकाळी त्यांनी मान वळवून आत एकदाही पाहिलं नाही.